नवरीच्या हातची कला

सौंसरात आता नवरीले रुखवत करता नाही आलं तरी चालते. चंचलले फोन करता आला का झालं.

चंचल घरच्या समोरच्या खोलीत रुखवत बनवून विकते. ज्याचं लगन, त्याच्यासारखं रुखवत. नवरदेव मास्तर असला तं आइसक्रीमच्या काड्यायची शाळा, वावरवाला असला तं लोकरीच्या संत्र्यायचा बगीचा.

अमिताकाकूचा होणारा जावई बिजली ऑफिसातला. काकूनं येऊन हुकूमच सोडला, "खांब पायजेत, तारा पायजेत, अन् लाइट खरोखर लागला पायजे वं!" नवरी, मृणाल, बाजूले बसून मोबाइल पाहून राहिली होती. चंचलनं तिले इचारलं, "ताई, तुमाले काय आवडते?"

"तिले सगळंच आवडते," काकूच बोलली.

चंचलनं भाव कमी केला, पण अट टाकली. रुखवताच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी राहीन. मोठ्या घरचं लगन, चार गावच्या बाया पाहतीन. आजवर तिच्या कामावर तिचं नाव कोणीच लावू देल्लं नव्हतं. काकू "हो वं, हो" म्हणाली.

लगनाच्या दिवशी चंचल पांढुर्ण्याच्या हॉलात पोचली तं पाटी गायब. तिच्या जागी सोनेरी अक्षरात: 'चि. सौ. कां. मृणाल हिच्या हातची कला'. हात म्हणे! त्या हातानं फोन चार्जिंगले लावला असन, तेवढीच कला.

"काकू, माही पाटी?"

"हळू बोल. सासरचे म्हणतीन, पोरीले काही येत नाही."

"येत तं नाहीच."

"मोठी शहाणी! जा, जेवून घे. पुऱ्या गरम आहेत."

तेवढ्यात नवरदेवाची आत्या, मोहगावची देवकाबाई, टेबलावर वाकली. बटन दाबलं. खांबाखांबावर लाइट लागले. "अवं माय! मृणाल, वायर कुठून नेला वं?"

मृणाल शालूत घामाघूम. "ते... गोंदानं."

"गोंदानं लाइट लागते?"

"लाजते ते," काकू हसली.

चंचलच्या डोक्यात तिडीक गेली. "खांबाच्या पोटातून नेला. खाली शेल आहेत. मीनं बनवलं, तिनं नाही."

काकूचं तोंड शिळ्या भज्यावानी झालं. देवकाबाई मात्र जराबी दचकली नाही.

"मले का समजत नाही? माह्या सुनेचं रुखवतबी इकतचंच होतं. कोणाची वं तू?"

"सौंसरची चंचल."

"माह्या पोरीचं लगन आहे फागुनात. नंबर दे. पण नाव पोरीचंच टाकजो हं, आमच्यात बरं नाही दिसत."

मागच्या तीन बायांनीबी मोबाइल काढले. "आमालेबी दे. नाव नको टाकू फक्त."

पाहा! सगळ्यायले माहीत, सगळ्यायले खोटंच पायजे. अन् लाज कोणाले? जिनं बनवलं तिनं लपाचं!

"नाव माहंच राहीन," चंचल बोलली. "नाही तं पोरीलेच बसवा कामाले. फागुनपर्यंत टाइम आहे. काड्या मी फुकट देतो."

"अन् तिले नाही जमलं तं?"

"तं तसंच लिहा सोनेरी अक्षरात."

मोबाइल पटापट पर्सात गेले. चारी ऑर्डरी बुडाल्या. चंचल पुरीले हात न लावता भायेर निघाली, तं मागं देवकाबाई अख्ख्या हॉलाले ऐकू जाईन अशी कडाडली,

"काय उद्धट पोरगी आहे बाप्पा, सौंसरची चंचल! काम असं का नजर नाही हटत, पण जीभ पाहा जीभ!"