चार वाजताचे संत

चारशे वर्षं वादळं, धरणीकंप, एक आग आणि अठरा बिशप पचवून जी वास्तू ताठ उभी राहते, तिच्यापुढे माणसाची मान आपोआप झुकते. आमच्या जुन्या चर्चमध्ये तर ती झुकवावीच लागत असे, कारण दारातून आत शिरलं की पाच फूट उंचीवर परांचीचा एक बांबू आडवा बांधलेला होता. न झुकणाऱ्यांसाठी फादरांनी शेजारच्या कोनाड्यात टिंक्चर आणि कापूस ठेवला होता.

ही परांची अकरा वर्षांपूर्वी लागली. वारसा समितीने छताच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं आणि नंतर ते हातातच ठेवलं. छताचा मूळ रंग निळा होता की करडा, यावर समितीत दोन तट पडले होते. ते मिटेपर्यंत आतल्या वस्तूंना धूळ लागू नये म्हणून प्रत्येक वस्तूभोवती फळ्यांची पेटी ठोकली गेली. मूर्ती, प्रवचनपीठ, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, एका सेनापतीची समाधी, सगळं पेटीबंद. सुताराने सर्वांत मोठ्या वस्तूचं माप घेऊन सगळ्या पेट्या सारख्याच केल्या, त्यामुळे कोणत्या पेटीत काय आहे हे बाहेरून कळायची सोय राहिली नाही. यादी होती, पण तिलाही धूळ लागू नये म्हणून ती एका पेटीत ठेवली होती.

चर्च प्रसिद्ध असल्यामुळे लोक यायचे थांबले नाहीत. त्यांना चर्च दाखवायला समितीने एक मार्गदर्शक नेमला. तो बिचारा फळ्यांकडे बोट करून आत काय असावं ते सांगे, आणि लोक त्याच्याकडे दूधवाल्याकडे बघावं तसं बघत. सहा महिन्यांत तो सोडून गेला. दुसऱ्याने तर दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवावा की न दिसतं त्याच्यावर, या प्रश्नापायी जेवण सोडलं. त्याला घरच्यांनी येऊन नेलं.

चर्चला लागूनच पाद्र्यांच्या जुन्या निवासात युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे टायपिंग, टेलिफोन आणि वेताच्या खुर्च्या विणणं शिकवतात. हवालदार तिथे आले ते खुर्च्यांच्या वर्गात. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्याबद्दल कुणी फारच हळहळलं, तर ते म्हणत की डोळे गेले तेव्हा समोर बघण्यासारखं काही नव्हतं.

माणूस हुशार, बोलका, स्मरणशक्ती पक्की. पण खुर्ची आणि त्यांचं हाडवैर. दोन वर्षांत त्यांनी दोन खुर्च्या विणल्या. पहिलीवर पाहणीला आलेले एक अधिकारी बसले आणि खालपर्यंत गेले. त्यांना बाहेर काढायला दोन माणसं आणि एक करवत लागली. दुसरी खुर्ची दिसायला पहिलीपेक्षाही सुबक झाली होती. तिच्यावर बसायचा धीर कुणालाच झाला नाही, म्हणून ती कोपऱ्यात ठेवून दिली.

केंद्राच्या शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, त्यांनी ओळखलं की या माणसाला वेत नको, माणसं हवीत. त्यांनी समितीला पत्र लिहिलं: ज्या चर्चमध्ये काहीच दिसत नाही, तिथे डोळस मार्गदर्शकाचा डोळस असण्याचा उपयोग काय? समितीत यावर मतभेद होईनात. तिला इतकं आश्चर्य वाटलं की तिने लगेच होकार दिला.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. समोर जे काही असेल ते घड्याळाची तबकडी समजायचं. ताटासमोर बसलं की बारा वाजता पेला, तीन वाजता चमचा. खोलीत शिरलं की आपण सहावर उभे, दोन वाजता खाट, नऊ वाजता खिडकी. एकदा ऐकलं की हवालदार अंधाऱ्या खोलीत डोळसाच्या आधी चहाचा कप उचलत. चर्चसाठीही तेच ठरलं: दार सहावर, वेदी बारावर, बाकी सगळं मध्ये.

पण कोणत्या पेटीत काय, हे सांगणार कोण? फादर नवे, समिती वादात. राहिले घंटावाले काका. अडतीस वर्षं ते या चर्चची घंटा वाजवत होते आणि पेट्या ठोकल्या तेव्हा फळ्या धरायला तेच होते. बाईंनी त्यांना घड्याळ समजावून सांगितलं. काकांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि घडाघडा सांगितलं: चार वाजता हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत, दहा वाजता हिवाळ्यात पेटवायची लोखंडी शेगडी, दोन वाजता समाधी, आठ वाजता कुंड. वेदीबद्दल ना त्यांना कुणी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. वेदी कुठे असते हे काय विचारायचं असतं?

हवालदारांनी नोकरी अशी काही बहरवली की यंव रे यंव. पाहुण्यांना ते आधी डोळे मिटायला लावत. मग प्रत्येक पेटीपाशी नेऊन फळीवर हात टेकवत आणि आतल्या संतांच्या अंगरख्याची चुणी न् चुणी वर्णन करून सांगत. माणसं भारावून बाहेर पडत. बाहेर पडताना डोळे उघडायला विसरत आणि बांबू लागत असे, ते वेगळं.

यथावकाश चार वाजताच्या पेटीला प्रचिती येऊ लागली. एकीला तिची अंगठी सापडली, एकाला त्याचा पळून गेलेला भाऊ. समितीच्या अध्यक्षांच्या सासूबाईंनी तिथे मेणबत्ती लावली आणि त्याच संध्याकाळी त्यांची कवळी जावयाच्या कोटाच्या खिशात मिळाली. ती तिथे कशी गेली, हे संतांनी सांगितलं नाही आणि जावयानेही नाही. पेटीपुढे फुलांचा ढीग पडू लागला. समितीने हवालदारांच्या वर्णनावरून माहितीपत्रक छापलं. मुखपृष्ठावर घड्याळाची तबकडी, आत अध्यक्षांचा फोटो. दहा वाजताच्या पेटीत नुसती शेगडीच, म्हणून तिच्यावर खिळे मारून पाहुण्यांचे कोट आणि ओल्या छत्र्या टांगायची सोय केली गेली.

अशी पाच वर्षं गेली आणि छताचा तंटा मिटला. रंग हिरवा होता, असं निघालं.

पेट्या उघडायचा दिवस ठरला, तसं हवालदारांना समितीचं पत्र आलं. बाईंनी ते त्यांना वाचून दाखवलं. अनावरणानंतर वस्तू दिसू लागतील, सबब त्या दाखवण्याची गरज उरणार नाही. आपण पुनश्च खुर्च्यांच्या वर्गात रुजू व्हावे. हवालदारांनी विचारलं, की वेताच्या ऐवजी सुरुंग काढायच्या कामावर परत पाठवता येईल का.

बाई तडक अध्यक्षांकडे गेल्या. तिथे त्या काय बोलल्या ते कळलं नाही, पण बाहेरच्या शिपायाने दोनदा दार उघडून आत सगळं ठीक आहे ना ते पाहिलं म्हणतात. शेवटी तोडगा निघाला. अनावरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर हवालदारांनी पेटी उघडण्याआधी आत काय आहे ते सांगायचं. सगळं जुळलं तर कायम नेमणूक, जागेवर सही. एकही चुकलं तर खुर्च्या.

त्या दिवशी चर्च तुडुंब भरलं. समारंभासाठी केंद्रातून तीस खुर्च्या आणल्या होत्या. अध्यक्षांचा मान म्हणून त्यांच्यासाठी त्यांतली सर्वांत नवीकोरी दिसणारी खुर्ची निवडून वेदीजवळच्या टेबलामागे ठेवली होती. पहिल्या रांगेत बिशप, शेजारी सासूबाई, कवळीसह. घंटावाले काका खांबाला टेकून.

हवालदार पुढच्या दाराशी उभे राहिले, काठी जमिनीवर एकदा आपटली आणि सरळ चार वाजताच्या पेटीपाशी गेले. पाच वर्षांचं वर्णन त्यांनी एका दमात केलं: संतांची कनवाळू मुद्रा, पुढे झालेला उजवा हात, पायाशी कंदील. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुताराने पहार घातली, फळी निघाली.

आत शेगडी होती. पुरुषभर उंचीची, काळी, लोखंडी, पोटाला झाकण असलेली.

कुणी हसलं नाही. मागच्या एका बाईने सवयीने हातही जोडले. अध्यक्षांनी खाकरून दहा वाजताची पेटी उघडायला सांगितली. सुताराने आधी अकरा कोट आणि सात छत्र्या उतरवल्या, मग फळ्या. आत संत होते. मुद्रा कनवाळू होती, पण पाच वर्षं डोक्यावर ओल्या छत्र्या निथळल्यामुळे किंचित त्रासलेली वाटत होती.

हवालदारांनी शेगडीवरून हात फिरवला. झाकणाची मूठ दोनदा फिरवून बघितली. मग खांबाकडे तोंड करून शांतपणे विचारलं, "काका, तुमचं दार कुठलं?"

"माझं? घंटेखालचं. वेदीमागचं."

"आणि हे पुढचं?"

"ते पाहुण्यांचं," काका म्हणाले. "अडतीस वर्षं इथे काम करतोय मी. पाहुणा आहे का?"

झालं होतं ते एवढंच. बाईंचं घड्याळ पुढच्या दारापासून लागलं होतं आणि काकांचं मागच्या. काकांचे चार ते बाईंचे दहा. काकांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, फक्त चर्च उलटं धरून.

"चूक माझी," हवालदार म्हणाले. "नकाशा घेताना उत्तर दिशा कुठली ते विचारायचं असतं. सैन्यात पहिल्या दिवशी शिकवतात."

त्यांनी काठी घेतली आणि ते बाईंच्या दिशेने निघाले, म्हणजे खुर्च्यांच्या दिशेने. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला आणि नियमाप्रमाणे निकाल जाहीर करायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं, कारण सासूबाई उठून शेगडीजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"जावईबापू, माझी कवळी हिने शोधून दिली," त्या म्हणाल्या. "आता ही कोण ते तुम्ही ठरवा. पण चूक झाली असं म्हणालात, तर कवळी तुमच्या खिशात कशी आली तेही इथेच ठरू दे."

समितीची तातडीची बैठक रिकाम्या पेट्यांवर बसूनच झाली. कुणीतरी सुचवलं, संत आणि शेगडी यांची अदलाबदल करावी. पण वारसा नियमांनुसार चारशे वर्षांच्या वस्तूला हलवता येत नाही, आणि शेगडीची धुराची नळी जमिनीत पुरलेली होती. कुणी म्हणालं, माहितीपत्रकं रद्द करावीत. त्यावर अध्यक्षांनी आपला फोटो चांगला आला असल्याचं सांगितलं. शेगडीपुढे केलेल्या पाच वर्षांच्या प्रार्थनांचं काय, असं फादरांना विचारलं गेलं. ते म्हणाले, पोस्टमन ओळखीचा असला की पत्ता चुकला तरी पत्र पोचतं.

शेवटी ठराव झाला तो असा: या चर्चचं मुख्य दार घंटेखालचं असून ते पूर्वीपासून तेच होतं. 'पूर्वीपासून' हा शब्द सचिवांनी घातला. तो घातला की वारसा समितीत कुणाला हरकत घेता येत नाही. शेगडीला वारसा क्रमांक देण्यात आला. वेदी मुख्य दाराच्या इतकी जवळ कशी, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, म्हणजे आणखी अकरा वर्षांची निश्चिंती झाली.

मार्गदर्शकाची परीक्षा मुख्य दारापासूनच घ्यायची असल्यामुळे ती रद्दबातल ठरून पुन्हा घेणं आलं. बाईंनी हवालदारांना फाटकापासून परत फिरवलं. सगळी मंडळी पुढच्या दाराने बाहेर पडली, बांबूला लागली, कोळशाच्या खोलीच्या बोळातून वळसा घालून घंटेखाली आली. ते दार साडेचार फुटी. बिशप, अध्यक्ष, सासूबाई, सगळे एकामागून एक कंबरेत वाकून आत आले. आत हवालदार ताठ उभे होते; त्या दाराची उंची त्यांनी काकांना विचारून घेतली होती.

या वेळी चार वाजता संत होते, आणि दहा वाजता शेगडी. दोन वाजताच्या पेटीतून समाधी निघाली, आठच्या पेटीतून कुंड. प्रवचनपीठाच्या पेटीत प्रवचनपीठ आणि त्यावर पेट्यांची यादी. यादीत सगळं हवालदारांनी सांगितल्याप्रमाणेच होतं. बाईंनी नाक पुसलं आणि धूळ फार आहे म्हणाल्या. काकांनी कुणी न सांगता घंटा वाजवली.

मग अध्यक्ष टेबलामागे उभे राहिले. समोर नेमणुकीचं पत्र, पेन उघडलेलं. ते म्हणाले, की दृष्टी डोळ्यांत नसते, ती अंतःकरणात असते. या वीराने रणांगणावर नेत्र अर्पण केले आणि आज आम्हा डोळसांना चारशे वर्षांचं मंदिर दाखवलं. एका सैनिकापुढे एक इतिहास वाकला. हे ते चांगली वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. हवालदार आभार मानायला पुढे आले, त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून सरकत खुर्चीच्या पाठीवर टेकला आणि तिथेच थांबला. बोटांनी विणीची एक गाठ चाचपली. मग दुसरी.

अध्यक्ष सही करायला बसणार, इतक्यात हवालदार त्यांच्या कानाशी वाकले.

"साहेब, एक विनंती आहे," ते म्हणाले. "सही उभ्यानेच करा. ही खुर्ची मी विणलेली आहे."