टकलावरचा चौकोन

मित्रांनो, मी धागे मोजणारे एक जुने भिंग आहे. पितळेच्या तीन पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, वरच्या पट्टीत काच आणि खालच्या पट्टीत बोटाच्या पेराएवढी चौकोनी खिडकी, असे माझे रूप. मला उघडून कापडावर ठेवले की खिडकीतले धागे जाडजूड दिसू लागतात आणि एकेक करून मोजता येतात. मिटले की मी खिशात मावते. माझा जन्म धाग्यांसाठी झाला, पण आज तुम्हाला जी गोष्ट सांगायची आहे ती केसांची आहे. ती सांगायला मी इतके आतुर झाले आहे, की सुरुवातीचा भाग भराभर उरकते.

माझी काच एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. तो ती ओल्या चाकावर धरी, उजेडासमोर नेऊन एक डोळा मिटून बघे आणि "अजून लाट दिसतेय" असे पुटपुटत पुन्हा चाकावर धरी. सगळ्या लाटा गेल्यावरच त्याने मला पितळेत बसवले. तिथून मी एका कापड गिरणीत गेले. गिरणीतल्या तरुण तपासनीसाच्या हातात मला दिले गेले. पुढे सगळे त्यांना काका म्हणू लागले, म्हणून मीही काकाच म्हणते.

काकांनी आणि मी किती कापड पाहिले असेल, याला गणती नाही. यंत्रांच्या खडखडाटात ते मला कापडावर टेकवत, वाकून मोजत आणि एखादा धागा कमी भरला तर अख्खा तागा बाजूला काढत. विणणारे कुरकुरत, पण काकांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. मी आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. हळूहळू कपाळ मागे मागे सरकत गेले, मग माथ्यावर एक गोल उघडा पडला आणि शेवटी कानांच्या वर तेवढी झालर उरली. विणणारे म्हणत, "काका, एकदा ते भिंग स्वतःच्या डोक्यावर ठेवा. बघा किती धागे उरलेत." काका हसत. घरी जाताना मात्र टोपी घालत.

पुढे गिरणी बंद पडली. काकांनी मला घरी आणले आणि जेवणाच्या खोलीतल्या कपाटाच्या खणात ठेवले. तिथे माझ्या सोबतीला संपलेले सेल, सुतळीचा गुंडा आणि कुठल्या कुलपाची ते कोणालाच न आठवणारी एक किल्ली होती. वर्षे गेली. माझे पितळ काळवंडले, बिजागऱ्या आखडल्या. मोजणाऱ्याला मोजायला काही नसणे ही फार वाईट गोष्ट आहे, मित्रांनो. मी फक्त ऐकत राहिले.

ऐकायला मात्र पुष्कळ होते. काकांच्या बायकोला सगळी आळी मावशी म्हणत असे. घरामागच्या कुंपणावर एक वेल होती. मावशी तिची पाने तेलात टाकून मंद आचेवर तासन् तास उकळत बसायची. कडवट हिरवा वास माझ्या खणापर्यंत येई. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन येत आणि भरून नेत. मावशी त्यांना छातीठोकपणे सांगायची, की या तेलाने टकलावरसुद्धा केस येतात.

मावशीची सख्खी भाची याच घरात वाढली होती. आई लहानपणीच गेल्यामुळे मावशीनेच तिला मोठे केले होते. ती त्वचारोगांची डॉक्टर झाली आणि गावातच तिने दवाखाना थाटला. एका दुपारी ती आली तेव्हा मावशी खुशीत होती. एक दुकानदार तिचे तेल दुकानात ठेवायला तयार झाला होता आणि बाटलीवर चिकटवायची चिठ्ठीही छापून आली होती.

"'टकलावर केस उगवणारच'," भाचीने चिठ्ठी वाचली. "मावशी, हे असं नको लिहूस."

"का? खोटं आहे?"

"मला माहीत नाही. आणि तुलाही माहीत नाही."

"मला माहीत नाही? तुझी कमरेपर्यंत वेणी कोणाच्या तेलाने झाली?"

"माझे केस मुळातच चांगले होते गं. पुरुषांचं टक्कल वेगळं असतं. त्यात केस एकदम गळून जात नाहीत, दर खेपेला आधीपेक्षा बारीक होऊन उगवतात आणि शेवटी लव उरते. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. टोपी काढा म्हटलं तर आधी दार लागलंय ना ते बघतात. त्यांना 'उगवणारच' म्हणून बाटली दिली आणि काहीच उगवलं नाही, तर?"

"म्हणजे मी लोकांना फसवते, असंच ना?"

"तसं नाही म्हणत. तपासून बघू म्हणते."

भांड्यांचा आवाज थांबला. मग मावशी म्हणाली, "तपास. पण नाही गुण आला, तर मी पुन्हा ते पातेलं गॅसवर चढवणार नाही. सांगून ठेवते."

इतक्यात माझा खण उघडला. काकांचा हात आत आला, सेल आणि सुतळी बाजूला सारून त्याने मला बाहेर काढले आणि सदऱ्याच्या टोकाने पुसले. "मोजायला काहीतरी लागेलच तुला," काका भाचीला म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्या काचेत उजेड शिरला. मी आनंदाने लखलखले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण काळवंडलेल्या पितळेला जमेल तेवढे मी चमकले.

मित्रांनो, माणसाचे डोके तुम्ही कधी इतक्या जवळून पाहिले आहे का? डॉक्टरांच्या दिव्याखाली मी पहिल्यांदा एका डोक्यावर टेकले आणि चकित झाले. कापडात धागे शिस्तीने उभे-आडवे असतात. इथे एकाच छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस बाहेर पडले होते. काही काळे आणि ताठ होते, काही इतके फिकट की दिवा कलता केल्याशिवाय दिसत नव्हते. आपले खरे काम आता सुरू होते आहे, असे मला वाटले.

डॉक्टरांनी योजना मोठी चोख आखली होती. टक्कल पडत असलेल्या, पण बाकी तब्येतीने धडधाकट अशा पुरुषांना त्यांनी बोलावले. प्रत्येकाच्या माथ्यावर विरळ भागाच्या कडेला गोंदणाचा एक बारीक ठिपका दिला, म्हणजे दर वेळी मला अगदी त्याच जागी ठेवता येईल. तिथले केस कातरून आखूड केले. माझ्या खिडकीत जाड केस किती आणि बारीक किती, ते वेगवेगळे मोजले. मग प्रत्येकाला रोज लावायला तेलाची बाटली मिळाली. काही बाटल्यांना हिरवे टोपण होते, काहींना पांढरे. एकात मावशीचे तेल होते आणि दुसऱ्यात नुसते साधे तेल, पण रंग आणि वास हुबेहूब तसाच. कोणत्या टोपणाखाली काय आहे, हे फक्त कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांना ठाऊक होते. कोणाला कोणती बाटली द्यायची तेही त्यांनीच नाणे उडवून ठरवले. तपासायच्या खोलीत टोपणाचा रंग उच्चारायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. डॉक्टरांनाही तो कळता कामा नये, कारण आपल्या माणसासाठी मोजताना हात नकळत झुकतो.

मावशीला हे पटेना. "माझं तेल मी वासावरून ओळखीन," म्हणत ती औषधवाल्यांकडे गेली. त्यांनी दोन वाट्या पुढे केल्या. तिने एक हुंगली, दुसरी हुंगली, पुन्हा पहिली हुंगली. मग वाट्या खाली ठेवून ती मुकाट्याने परतली. हे औषधवाल्यांनी डॉक्टरांना सांगितले तेव्हा मी टेबलावरच होते.

आलेल्या माणसांपैकी तिघे माझ्या विशेष लक्षात राहिले. एक शाळेतले मास्तर. आरशासमोरून गेले की मान तिरकी करून माथा बघायचे. दुसरे बसचे ड्रायव्हर. बायकोने हाताला धरून आणले म्हणून आलेले, आणि "हे सगळं थोतांड आहे" असे पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झालेले. तिसरे आपले काका. डॉक्टर त्यांना घ्यायला तयार नव्हत्या. काका म्हणाले, "चिठ्ठीवर टक्कल लिहिलंय ना? मग माझ्याएवढं टक्कल तुला कुठे मिळणार?"

महिने जाऊ लागले. दर फेरीला माझी उत्सुकता अशी वाढे, की डॉक्टर मला उघडायच्या आत माझी बिजागरी करकरे. मास्तर खुर्चीत बसण्याआधीच सांगू लागत, "फरक आहे, डॉक्टर. शेजारीसुद्धा म्हणतात. कंगवा अडकतो आता." मी त्यांच्या ठिपक्यावर टेकत असे. तिथे मागच्या खेपेसारखेच सारे असे, किंबहुना एखाददुसरा केस आणखी बारीक झालेला असे. ड्रायव्हर मात्र तोंड पाडून बसत. "काही होत नाहीये. उगाच उशी तेलकट होते. बायको ओरडते म्हणून लावतोय." आणि मित्रांनो, त्यांच्याच माथ्यावर मी ते पाहिले. जिथे पहिल्या दिवशी फिकट लव होती, तिथले काही केस काळे होऊ लागले होते. पुढच्या फेरीला ते आणखी जाड झाले. डॉक्टरांनी मोजले, मला उचलून काच पुसली आणि पुन्हा मोजले. तरी ड्रायव्हरना त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "लावत राहा."

एके संध्याकाळी मावशी दवाखान्यात आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. "मला सगळं नको सांगूस," ती म्हणाली. "कोणाचे तरी वाढलेत का, एवढंच सांग."

"आता नाही सांगत, मावशी."

"मी तुला वाढवलंय."

"म्हणूनच नाही सांगत. उद्या कोणी म्हणायला नको, की भाचीने मावशीसाठी मोजलं."

मावशी उठून गेली. डॉक्टरांनी तिच्यामागे दार लावून घेतले आणि बराच वेळ मला नुसतेच उघडमीट करत राहिल्या.

अखेर शेवटची मोजणी झाली. सगळी मंडळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जमली, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी आधी कोणाचे काय दिसले ते वाचून दाखवले. मगच एकेकाने आपल्या टोपणाचा रंग सांगितला. मास्तरांचे पांढरे, ड्रायव्हरांचे हिरवे, काकांचेही हिरवे. औषधवाले बोलण्यात कंजूष. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हिरव्यात मावशींचं तेल होतं."

खोलीत एकदम गलका झाला. मास्तरांचा हात माथ्यावर गेला तो तिथेच राहिला. "मग कंगवा कसा काय अडकत होता?" त्यांनी विचारले, आणि आधी तेच हसले, म्हणून बाकीच्यांनाही हसता आले. ड्रायव्हर मात्र उठून आरशासमोर गेले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःला पाहत असल्यासारखे उभे राहिले.

डॉक्टरांनी सगळे नीट समजावून सांगितले. हिरव्या टोपणवाल्यांपैकी ज्यांचे केस विरळ होत होते पण गेले नव्हते, त्यांतल्या बऱ्याच जणांचे केस जाड झाले होते. पांढऱ्या टोपणात असे फार थोडे होते. पण जिथे माथा पूर्वीच गुळगुळीत झाला होता, तिथे मावशीच्या तेलानेही एक केस उगवला नव्हता. काकांच्या ठिपक्याभोवती पहिल्या दिवशी जे होते तेच शेवटच्या दिवशी होते. "आणि माणसं थोडी होती," डॉक्टर म्हणाल्या. "अजून पुष्कळ जणांवर तपासायला हवं. आत्ता मी याहून जास्त बोलणार नाही."

मावशी काकांकडे वळली. "अहो, टक्कल पडल्यापासून तुमच्या डोक्यावर तेल घालतेय मी. काही होत नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी टोपी हातात फिरवली. "बोललो असतो तर तू चोळायची थांबली असतीस."

मावशीने डोळ्यांना पदर लावला नाही की रागही धरला नाही. तिने ड्रायव्हरना खुर्चीत बसवले, भाचीच्या हातातून मला घेतले आणि विचारले, "हे कसं धरतात?" डॉक्टरांनी तिचा हात धरून मला ठिपक्यावर टेकवले. मावशी वाकली. आजवर तिने तेल दिले होते, शब्द दिला होता, पण त्या तेलाने नेमके काय केले ते पाहिले नव्हते. तिच्या श्वासाने माझी काच धुरकटली. तिने ती पुसली आणि पुन्हा पाहिले. लव आणि तिच्या मधूनमधून उभे राहिलेले काळे, ताठ केस. मी ते तिच्यासाठी जितके मोठे करता येतील तितके मोठे केले. माझ्या साऱ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी काही दाखवले नाही.

"आहेत की," ती हळूच म्हणाली. मग सरळ होत भाचीला म्हणाली, "छापलेल्या चिठ्ठ्या घरी गेल्यावर फाडून टाकते. आता नवीन काय लिहायचं ते तू सांग. मोजलंयस तेवढंच सांग."

पातेले अजूनही गॅसवर चढते. एका मोठ्या रुग्णालयात पुष्कळ माणसांवर तेलाची नवी चाचणी सुरू झाली आहे. तिथे केस मोजायला कॅमेरे आहेत, आणि ते माझ्याहून कितीतरी सरस आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी डॉक्टरांच्या टेबलावर असते. नवा माणूस आला की त्या मला त्याच्या माथ्यावर ठेवतात, काय दिसते ते सांगतात, आणि काय होऊ शकेल, काय होणार नाही तेही सांगतात. काही जण निराश होऊन जातात. पण त्यांतलेही बरेच जण जाताना टोपी हातातच ठेवतात, हे मी पाहिले आहे.

मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या कोणाचे केस विरळ होत असतील तर त्याला हसू नका. तो ते रोज आरशात पाहतच असतो. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे जायला सांगा, कारण उशीर झाला की माझ्यासारख्यांना पाहायलाही काही उरत नाही. आणि खात्रीने केस उगवतील असे सांगत कोणी बाटली पुढे केली, तर भांडू नका, वादही घालू नका. बाटली उलटसुलट करून पाहा आणि शांतपणे एवढेच विचारा, "मोजून पाहिलंय का?"