मेंढरांनी तुडवलेला बांध

बजाबाईच्या तळ्यात पाणी साठलं आणि मायाक्काच्या पोटात दुखायला लागलं. खरं तर दुखणं जुनंच होतं, पाण्यानं फक्त वर आलं.

दोघी सख्ख्या जावा. थोरल्या मायाक्काच्या नवऱ्यानं, बाळासोनं, वडलांमागं मेंढरं राखली. धाकट्या बजाबाईच्या नवऱ्यानं, सिदूनं, आपल्या वाट्याची मेंढरं विकली, सोलापुरात भवानी पेठेत खोली घेऊन काही वर्षं गिरणीत काढली आणि परत येऊन सन अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात सांगोल्याच्या माळावर, स्वतःच्या रानातल्या ओढ्याला आडवा मातीचा बांध घातला. ज्या माळावर बाभळसुद्धा विचार करून उगवते, तिथं म्हणे स्वतःच्या मालकीचं तळं! लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मायाक्काही हसली, पण तिच्या हसण्यात जीव नव्हता.

नुसती माती ओतून बांध होत नाही. वीतभर थर पसरायचा, पाणी शिंपडायचं आणि त्यावर मेंढरं घालून तुडवून घ्यायचा. खुरांनी माती दगडासारखी बसली की वर दुसरा थर. आता सिदूकडं मेंढरं कुठली? ती विकून तर बसला होता. मग बाळासोची मेंढरं कामाला लागली. भावाच्या कामाला नाही म्हणायचं नाही, असा बाळासोचा हुकूम. उन्हाळाभर मायाक्का घसा फोडून हाकारे देत कळप बांधावरून फिरवत राहिली. शेवटच्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला गेली, परत आली तेव्हा बांध पुरा झाला होता.

उत्तरा नक्षत्रात झोडपून पाऊस झाला आणि तळं तुडुंब भरलं. गाव बघायला लोटलं. बजाबाईनं नवं लुगडं नेसून खणा-नारळानं पाण्याची ओटी भरली. बायका म्हणाल्या, "बजे, नशीब काढलंस बाई!" मायाक्का मागं उभी राहून ओठ चावत होती. मेंढरं माझी, हाकारे माझे, आणि ओटी भरणार ही. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस!

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. बजाबाईच्या परड्यातली वांगी बघितली तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून बजाबाई तीच वांगी पाटीभरून हिच्याकडं पाठवायची. मायाक्का ती मेंढरांना घालायची.

आणि रोज सकाळी ती बांधाच्या पायथ्याला जाऊन यायची. कशाला? तर बांध गळतोय का बघायला. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर नितळ असला तर भिऊ नये, गढूळ आला तर समजावं, पाणी आतली माती खातंय. मायाक्का रोज वाकून बघायची. रोज पाणी नितळ. रोज ती हिरमुसून घरी यायची.

एका सकाळी बांधाच्या एका टोकाच्या कोपऱ्यात पाझर गढूळ दिसला. तिनं ओंजळीत धरून बघितला. तळहातावर माती राहिली.

मायाक्काला इतका आनंद झाला की ती तिथंच दगडावर बसली. आता काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं फक्त. दुपारपर्यंत बांध जाईल, खाली सगळं पडीक रान, माणूस ना जनावर. बजीचं नशीब ओढ्यानं वाहत जाईल आणि गाव परत बघायला लोटेल. येईल आणि काय म्हणेल?

इथं तिचा आनंद अडला. गाव म्हणेल, बाळासोच्या मेंढरांनी माती नीट तुडवली नाही. म्हणेल, मायाक्कानं जळून कच्चं काम केलं. बांध उभा होता तोवर बजीचा, आणि फुटला की माझ्या मेंढरांचा?

"मेल्यांनो!" ती जोरात ओरडली आणि बांधावर चढली. "सिदू! बजे! पळा, बांध चाललाय!"

कुणी येईपर्यंत ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. कोपऱ्यात एका जागी पाणी आत ओढत होतं, तिथं तिचा पाय खेचला. तिनं खांद्यावरचं नवंकोरं घोंगडं काढलं, त्याचा बोळा केला आणि भोकात पायानं रेटून बसवला. सिदू आणि बाळासोनं धावत येऊन पाट्याच्या पाट्या चिकणमाती वरून ओतली. बजाबाई पाण्यात उतरून जावेच्या शेजारी माती दाबू लागली. बऱ्याच वेळानं खालचा पाझर थांबला.

मायाक्का दम खात म्हणाली, "हे बघा, माझ्या मेंढरांला कुणी नावं ठिवायची न्हाईत. सांगून ठिवते!"

बजाबाईनं मान खाली घातली. "अक्का, मेंढरांची काय बी चूक न्हाय. हा कोपरा त्यांनी तुडवलाच न्हाय."

"म्हंजे?"

"तुमी लेकीकडं गेल्यावर मी थोरल्या भावजींला सांगितलं, काम उरकलं, मेंढरं चारायला न्या. हा कोपरा मी एकलीनंच तुडवला. पाय फुटस्तवर तुडवला."

मायाक्काचा नुसता चडफडाट झाला. म्हणजे बांध फुटला असता तर बोल बजीला लागला असता! दगडावर बसून डोळे भरून बघता आलं असतं. आणि आपण नवं घोंगडं घालवून बसलो!

"आगं पण का?" ती खेकसली. "कळप दारात हुता की!"

बजाबाईला हुंदका आला. "उन्हाळाभर त्येच ऐकत हुते. ज्यो त्यो म्हनायचा, बांध खरा मायाक्कानं हुबा केला, सिदूची बायकू नुसती बघती. मला लई लागायचं, अक्का. वाटलं, एक कोपरा तरी माझा असावा. लई जळले वो मी तुमच्यावर."

मायाक्का पदरानं तोंड पुसून, पुरुषांकडं पाठ करून जावेच्या जवळ सरकली.

"बजे," ती हळूच म्हणाली, "काय म्हनत हुतं गाव? परत सांग की जरा."