तटाचा मुरूम

अल्लीपूरच्या पलीकडे एक टेकडी आहे. तिच्यावर किल्ला होता, असं इतिहासाचे निवृत्त मास्तर अण्णाजी वीस वर्षं सांगत होते. भोवतीचा मातीचा उंचवटा म्हणजे तटबंदी आणि बाहेरचा नाला म्हणजे खंदक, हे त्यांचं म्हणणं. गावातले लोक ऐकून घेत आणि हसत.

गेल्या जानेवारीत नागपूरहून पुरातत्त्व संशोधक समीक्षा उत्खननाला आली. कुठं खणायचं ते अण्णाजींनीच दाखवलं. तटाला आडवा चर घेतला, तर वर माती, खाली ठोकून घट्ट बसवलेला मुरूम आणि तळाशी कमरेएवढे दगड लागले. भिंत दोन हजार वर्षांपूर्वीची असावी, असं समीक्षा म्हणाली. डबा घेऊन आलेल्या आपल्या पत्नीला, मनकर्णाबाईंना, अण्णाजींनी हात धरून चरात उतरवलं आणि त्या दगडांना हात लावायला लावलं. मार्चमध्ये चर बुजवला. किल्ल्याचा दरवाजा पुढच्या हिवाळ्यात शोधायचा ठरलं.

दिवाळीनंतर समीक्षा परत आली, तेव्हा अर्धा तट उरला नव्हता. नव्या रस्त्याच्या भरावासाठी जेसीबीनं मुरूम नेला होता, आणि खोदायला सुरुवात तिच्याच चरापासून झाली होती. तिनं जाब विचारला तेव्हा ठेकेदाराचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, इथं एवढा मुरूम हाये हे आमाले तुमच्याच खड्ड्यानं दाखवलं."

तिनं तक्रार केली. पंचनामा झाला. खोदकाम थांबलं, पण नेण्याजोगं फारसं शिल्लकही नव्हतं.

मग ती अण्णाजींकडे गेली. ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोन महिन्यांत टेकडीकडे फिरकले नाहीत, जेवणही धड नाही, असं मनकर्णाबाईंनी हळूच सांगितलं.

समीक्षा त्यांच्याजवळ बसली. उत्तरेचा तट अजून उभा आहे, दरवाजा तिकडेच असेल का, असं तिनं विचारलं.

अण्णाजी म्हणाले, "मी काऊन दाखवलं तुले? वीस वर्षं कोणाले दिसत नव्हतं, तवा ते जागच्या जागी होतं."

"दरवाजा कुठं आहे, अण्णाजी?"

"मले नाई माहीत."

त्यांना माहीत होतं, हे तिला कळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन दिवस तिनं कापलेल्या तटाची मोजमापं घेतली, उरलेल्या थरांची चित्रं काढली आणि काम बंद करत असल्याचं पत्र लिहून ती नागपूरला निघून गेली.