तिसरी पट्टी

“अहो साहेब, जरा बघून! रंग ओला आहे!”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेबांनी पाय ठेवलाच. सकाळी सहाला येऊन, दोन खुंट्यांना दोरी ताणून, रेघा मारायची गाडी श्वास रोखून ढकलत मी जी रेघ काढली होती, तिच्या मधोमध साहेबांच्या कोऱ्या करकरीत बुटाचा ठसा उमटला. वर हसणं.

“सॉरी हं साडूभाऊ. पण बूट कसे आहेत सांगा ना. खास आजच्यासाठी घेतले.”

“छान आहेत,” मी म्हणालो. मनात काय म्हणालो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

हे साहेब म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नात्यानं मी मोठा, वयानंही चार वर्षांनी मोठा. पण या देशात आधी ते आले, मागून आम्हाला त्यांनीच आणलं, आणि या शाळेचं मैदान सांभाळायचं काम मला त्यांच्याच ओळखीनं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा असला तरी बायको म्हणते, “भाऊजींना एकदा विचारू या का?” आता दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला खिळ्यातलं काय कळतं? पण विचारायचं. आणि गंमत म्हणजे ते येतात, नीट ठोकून देतात, वर चहाचा कप स्वतः विसळून ठेवतात. माणसानं चिडायचं तरी कशावर?

मी लपवत नाही, मला त्यांचा हेवा वाटतो. ते इथली भाषा इथल्या लोकांसारखी बोलतात. त्यांना कोणाचंही नाव लगेच आठवतं. चाळिशी आली तरी पोट सुटलेलं नाही, हे तर मला अजिबात बघवत नाही. पण हे सगळं रोजचं झालं. त्या दिवशी पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणानं. शाळेच्या क्रीडादिनाला, माझ्या मुलीच्या पायाला पाय बांधून, तिच्या बाबांच्या जागी साहेब पळणार होते.

झालं असं की पंधरा दिवसांपूर्वी ठकू शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. ठकू म्हणजे आमची मुलगी, चौथीतली. चिठ्ठीत होतं, चौथीच्या मुलांची आणि वडिलांची तीन पायांची शर्यत. ही शर्यत फक्त चौथीला असते. पुढच्या वर्षी ही मुलं मोठ्या शाळेत जातात, तिथे असलं काही नसतं. तिनं मला चिठ्ठी वाचून दाखवली आणि विचारलं, “बाबा, तू पळशील माझ्याबरोबर?”

माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू! कॉलेजात चारशे मीटरला माझी पाठच बघायचे सगळे. पण लगेच हो म्हणणं आपल्या रक्तातच नाही. पाहुण्याकडे गेलो तर पहिल्या पोळीला आपण नको म्हणतो, ते काय पोट भरलेलं असतं म्हणून? मी म्हणालो, “छे गं! मैदान कोण बघणार? मला त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते.”

आणि वाट बघत बसलो. आता ही म्हणेल, बाबा, प्लीज. मग मी म्हणेन, अगं, गुडघे दुखतात. मग हिची आई म्हणेल, चला हो, पोरगी एवढं म्हणते आहे. मग मी उसासा टाकून म्हणेन, बरं बाई, तुमच्यासाठी.

ठकू म्हणाली, “बरं.”

बरं! एवढंच. चिठ्ठीची घडी घातली आणि गेली. ती तीन वर्षांची असताना इथे आली. इथे नको म्हणजे नको. संध्याकाळी तिनं काकाला फोन लावला. काका पहिल्याच झटक्यात हो म्हणाला. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो. एकाच टॉवेलची चारदा घडी घातली.

रात्री बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला पळायचं होतं का?”

“मला? मला काय वेड लागलंय?”

झालं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावं.

तर त्या सकाळी रेघा मारून मी अवजारांच्या खोलीकडे आलो. दारावर शर्यतींची यादी लावलेली. तीन पायांची शर्यत, तिसरी पट्टी, माझ्या मुलीचं नाव आणि पुढे कंसात काका.

तिसऱ्या पट्टीत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या रेघेच्या मधल्या पळायच्या जागेत, शेवटच्या दोरीच्या दहा-बारा पावलं अलीकडे, एक खड्डा आहे. पाण्याचा पाइप दुरुस्त करायला मागे तिथं खणलं होतं, तेव्हापासून माती दबते. वरून गवत सारखं दिसतं, पाय पडला की घोट्यापर्यंत जातो. हे या शाळेत फक्त मला माहीत आहे. कुठल्याही कार्यक्रमाआधी मी तिथं बादलीभर वाळू टाकून ठोकून घेतो. त्या दिवशीही बादली भरलेली होती. मी ती उचलली. पुन्हा यादी वाचली. आणि बादली खाली ठेवली.

ठेवली म्हणजे ठेवली. विसरलो नव्हतो. कोरे बूट, ताठ मान, सगळ्या शाळेसमोर एकदा जमिनीवर लोळण घेऊ दे, एवढंच मनात होतं. जीवघेणं काही नाही. कपडे मळले असते फार तर.

दहाला मैदान भरलं. कर्णा वाजायला लागला, आया-बाप सतरंज्या घेऊन कडेला बसले. बायको आणि मेहुणी पुढेच होत्या. मी दोऱ्या, खुंट्या, पोती इकडून तिकडे नेत होतो. मुख्य बाई जाता जाता थांबल्या. हातातल्या यादीतलं नाव बघून त्यांनी विचारलं, तुमची मुलगी पळते आहे, मग तुम्ही का नाही? मी सांगितलं, काम आहे. त्या म्हणाल्या, अहो, दहा मिनिटांसाठी माणूस दिला असता, एकदा विचारायचं तरी.

एकदा विचारायचं तरी. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात चौथीला बोलावलं. तिसऱ्या पट्टीत साहेब खाली वाकले आणि फडक्यानं आपला डावा पाय ठकूच्या उजव्या पायाला बांधायला लागले. गाठ मारून झाल्यावर त्यांनी एक बोट गाठीत घालून बघितलं, तिला आवळत तर नाही ना म्हणून. मीही तेच केलं असतं. ठकूनं त्यांच्या कमरेला हात घातला आणि हसली. बाजूच्या पडलेल्या दाताची खिंड दिसली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

आणि मग, अगदी तेव्हाच, मला तो बांधलेला पाय दिसला. नीट दिसला. साहेब पडले तर एकटे पडणार नव्हते. एवढा मोठा माणूस माझ्या मुलीला घेऊन, तिच्या अंगावर पडणार होता. पंधरा दिवस या शर्यतीशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं, पण ही एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

शिट्टीवाल्या सरांनी हात वर केला. मी ओरडलो, “थांबा!”

मराठीतच ओरडलो. घरच्यांशिवाय कोणाला काही कळलं नाही, पण आवाज असा निघाला की कर्णासुद्धा बंद झाला. मी धावत खोलीत गेलो, बादली उचलली आणि सगळ्या शाळेसमोर मैदान आडवं कापत पळत सुटलो. रंगानं बरबटलेला डगला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. खड्ड्यात वाळू ओतली, दोन्ही पायांनी नाचल्यासारखी ठोकली, हातानं गवत सारखं केलं. वर बघितलं तर ठकू माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

शर्यत झाली. ठकू आणि साहेब दुसरे आले. वाळूवरून गेले ते मला दिसलंसुद्धा नाही, मी डोळे मिटले होते.

नंतर साहेब धापा टाकत आले आणि चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “साडूभाऊ, वाचवलंत हो! तुमची नजर म्हणजे नजर! मी तर पोरीला घेऊन आपटलोच असतो.”

“तसं काही नाही,” मी म्हणालो. हे मात्र खरं बोललो.

दुपारी सगळे पांगले. साहेब दोघी बहिणींना गाडीतून घरी घेऊन गेले. ठकू मागे राहिली, बाबाबरोबर येते म्हणाली. मी खुंट्या उपटत होतो, ती मागून दोरी गुंडाळत येत होती. रुपेरी फीत छातीवर लावलेली.

“बाबा, काका म्हणाला तू कॉलेजात पहिला यायचास. खरं?”

“हो.”

“मग मला नको का म्हणालास?”

“मला वाटलं, तू पुन्हा विचारशील.”

“पण मी विचारलं होतं.”

“एकदाच विचारलंस.”

ती थांबली. “मग किती वेळा विचारायचं असतं?”

“तीनदा तरी,” मी म्हणालो, आणि म्हणताना माझं मलाच हसू आलं आणि रडूही आलं.

तिनं दोरीचा गुंडा माझ्यापुढे धरला. “बाबा, तू पळशील माझ्याबरोबर?”

“हो.”

“थांब ना. अजून दोनदा आहे. बाबा, तू पळशील माझ्याबरोबर? बाबा, तू पळशील माझ्याबरोबर?”

“हो गं, हो.”

आम्ही तिसऱ्या पट्टीच्या सुरुवातीला उभे राहिलो. मी खाली बसलो, गुडघे कटकन वाजले. रेघा ओढायच्या दोरीनंच पाय बांधले, गाठीत बोट घालून बघितलं. मैदानावर कागदाचे कपटे आणि आम्ही दोघं, बाकी कोणी नव्हतं. शिट्टीही नव्हती, ठकूनंच एक-दोन-तीन म्हटलं.

रबरी बुटांत पळता येत नाही. पहिल्या दहा पावलांत आम्ही दोनदा अडखळलो, मग जमलं. मध्येच साहेबांच्या बुटाचा तो ठसा लागला, आता वाळून पक्का झालेला. शेवटची दोरी असायची ती जागा जवळ आली तसा ठकूनं माझा डगला घट्ट धरला आणि वेग कमी केला.

“बाबा, इथं जपून,” ती म्हणाली. “इथं खड्डा आहे.”