माती चांगली निघाली

ठमीने फोन टेबलावर पालथा ठेवला, लगेच पुन्हा उचलला आणि प्रयोगशाळेचा निरोप परत एकदा वाचला. सगळ्या नमुन्यांत शिसे मर्यादेच्या बरेच खाली. शेवटी तिथल्या माणसाने पदरचे एक वाक्य जोडले होते : 'अभिनंदन, माती उत्तम आहे.' त्या अभिनंदनाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

समोरच्या फळ्यावर तिच्या जोडीदाराचे, परदेशातून आलेल्या पाहुण्याचे पान टाचणीने लावलेले होते. सकाळपासून जो तो त्याच्यासमोर उभा राहून वाचत होता आणि वाचून झाल्यावर पाहुण्याला गाठून त्याच्या पाठीवर हात ठेवत होता. त्याच्या पानाशेजारची जागा रिकामी होती. ती ठमीची.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या या खोलीत दोन देशांतली मुले पर्यावरणाची पत्रकारिता शिकत होती. इकडचा एक आणि तिकडचा एक, अशा जोड्या. आधी इकडच्याने तिकडे जाऊन राहायचे, मग तिकडच्याने इकडे. एकच विषय दोन्ही गावांत शोधायचा आणि शेवटी संयुक्त अंकात समोरासमोर दोन पाने लिहायची. ठमी आणि पाहुण्याचा विषय होता जुन्या बॅटऱ्या वितळवणारे बंद पडलेले कारखाने आणि त्यांच्या शेजारची माती. पाहुण्याच्या गावी ती त्याच्याबरोबर गल्लोगल्ली हिंडली होती. तिथे शिसे इतके निघाले की प्रयोगशाळेने आकडा दोनदा तपासला.

आणि इथे तसाच कारखाना मावशीच्या पाळणाघराला भिंत लावून उभा होता. बातमी घरचा पत्ता शोधत आली, असे तिला वाटले होते. झोपाळ्याखालची माती पिशवीत भरताना तिने मावशीला बजावलेही होते, "अहवाल येईपर्यंत एकाही मुलाला अंगणात सोडू नकोस. शिसं पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो." तेव्हा तिला खरोखर भीती वाटली होती.

"आलं का गं?" संपादिकाबाईंनी विचारले. बाईंनी उभा जन्म वर्तमानपत्रात काढला होता. बोलताना त्या पेनाचे टोपण काढत आणि बसवत.

"आलं."

"किती?"

"नाहीच."

टोपण जागच्या जागी थांबले. "मग समोरच्या पानाचं काय करायचं?"

"माती चांगली आहे, असं लिहिते ना."

"'माती चांगली आहे' ही बातमी नाही, बाळा. ती खुशाली. खुशाली घरच्यांना कळवायची, छापायची नसते." बाईंनी टोपण बसवले. "भिंतीच्या बुडाशी घेतली होतीस का?"

"नाही. मुलं खेळतात तिथली घेतली."

"मग परत जा. बुडाशी खण. जरा खोल."

जिन्यात पाहुण्याने तिला गाठले. तो ठमीच्याच घरी उतरला होता. आल्या आल्या तो 'मावशी' हा एक शब्द शिकला, आणि तो इतका आवडला की ठमीच्या आईपासून संपादिकाबाईंपर्यंत सगळ्यांनाच तो मावशी म्हणत असे. एरवी दोघे एका तिसऱ्याच भाषेत बोलत, दोघांनाही ती बेतास बात येई.

"चांगलं झालं ना?" तो म्हणाला. "तुझ्या मावशीला सांगितलंस?"

"सांगते," ठमी म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरली.

*

पाळणाघराच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली होती. झोपाळे आपापल्या खांबांना गुंडाळून ठेवले होते. सगळी मुले आतल्या एका खोलीत कोंडली होती आणि आतून भाजीबाजारासारखा गलका येत होता. मावशी दारात आली तेव्हा तिच्या कडेवर एक रडणारे मूल होते आणि दुसरे पाय धरून लोंबकळत होते.

"आलीस? माझं डोकं उठलंय बघ. अंगणात जायचं नाही म्हटल्यापासून एकमेकांना चावतायत मेली." मग तिने आवाज खाली आणला. "काय आलं तुझं ते?"

ठमीने पिशवीतून खुरपे काढले, त्याची धार अंगठ्याने पाहिली. "अजून पूर्ण नाही आलं. भिंतीजवळची घ्यायची राहिली होती."

मावशी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. ठमीने लहानपणी चोरून साखर खाल्ली की मावशी अशीच पाहायची, काही न विचारता.

"बरं," मावशी म्हणाली. "घे बाई. आमच्या शिंपीणबाईंनी तर मुलाला आणणंच थांबवलंय. आणखीही दोघी कुजबुजतायत. लवकर काय ते लाव मार्गी."

ठमी भिंतीपाशी उकिडवी बसली आणि खणू लागली. ऊन पाठीवर आले. माती भुसभुशीत होती, तांबूस, गांडुळांनी भरलेली. इतकी निरोगी माती पाहून तिला संताप येत होता. पाहुण्याच्या गावची माती राखेसारखी होती, हातात घेतली तरी कळायचे. तिने आणखी खोल खुरपे घातले आणि ते कशावर तरी अडकले. काहीतरी काळे, जड. बॅटरीचाच तुकडा. दुसरे काय असणार? तिने बोटांनी चिखल पुसला.

खेळण्यातल्या मोटारीचे चाक होते.

"ते माझंय!" खिडकीच्या गजांतून एक आवाज आला. "ए, ते माझंय! दे!"

"गप बस!" ठमी इतक्या जोरात ओरडली की आतला गलका क्षणभर बंद पडला. मावशीने खिडकीतून एकदा पाहिले आणि त्या मुलाला आत ओढून घेतले.

ठमीने पिशव्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निघताना तिला सांगता आले असते. मुले जिथे खेळतात तिथली माती चांगली आहे, एवढे एकच वाक्य. पण दोरी सुटली, मुले अंगणात पसरली की सगळे संपलेच, असे काहीतरी तिच्या मनात होते. ते तिने नीट उलगडूनही पाहिले नाही. "येते," म्हणाली आणि फाटक ओढून घेतले.

*

भिंतीच्या बुडाचीही माती चांगली निघाली.

या वेळी बाईंनी टोपण काढले नाही, बसवले नाही. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाहुण्याचाच मजकूर दोन्ही पानांवर पसरू. त्याच्याकडे फोटोही पुष्कळ आहेत. तू भाषांतर कर. नाव येईलच तुझं खाली."

"भाषांतरकार म्हणून."

"मग काय म्हणून आणू?"

ठमी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून पाहुण्याची वाक्ये आपल्या भाषेत उतरवू लागली. मजकूर चांगला होता, हेच दुखणे होते. एक शब्द मनासारखा मिळेना, तेव्हा तिने पेन्सिल आपटली आणि टोक मोडले. खाली छापखान्याचे यंत्र सुरू झाले, टेबल थरथरू लागले.

पाहुण्याने चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"त्यात माझा काही दोष नाही," तो म्हणाला.

"मी कुठं म्हटलं आहे? तुझं निघालं, माझं नाही. नशीब."

तो हळूहळू, शब्द शोधत म्हणाला, "तू परत आल्यावर मी आकडे घेऊन त्या गल्लीत गेलो होतो. तुला आठवतं, हिरव्या दाराचं घर? त्या आजीने मला आधी बसवलं. पाणी दिलं. मग मी आकडा सांगितला." त्याने हात टेबलावर उघडे ठेवले. "नंतर कुणी काही बोललंच नाही. नातू तिथेच जमिनीवर बसला होता. त्याला उचलावं की नाही, तेसुद्धा कुणाला कळेना. फळ्यावर ते पान बघतात ना सगळे, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहतो. तुझ्या लक्षात नाही आलं?"

तिच्या लक्षात आले नव्हते.

"मावशी खूश झाली असेल," तो म्हणाला. "काय म्हणाली?"

ठमी मोडलेल्या पेन्सिलीला टोक काढत राहिली. भुकटी मजकुरावर पडली. तिने फुंकर मारली.

"तू सांगितलं नाहीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसता विश्वास बसत नव्हता. ठमी उठली, टेबलाखाली पायांनी चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी वाकून काढावी लागली.

*

वळणावरूनच तिला आरडाओरडा ऐकू आला. अंगणातली दोरी नव्हती. झोपाळे सोडलेले होते आणि प्रत्येकावर दोन दोन मुले होती. भिंतीच्या बुडाशी तिने खणलेल्या खड्ड्यात चौघे जण पाणी ओतून चिखल करत होते.

मावशी पायरीवर बसून एकीचे नाक पुसत होती.

"सोडलंस अंगण?" ठमी म्हणाली.

"कधीच सोडलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच."

"मी कुठं काय—"

"तोंड एवढंसं करून आली होतीस ना खणायला." मावशीने मुलीला सोडले, ती चिखलाकडे धावली. "वाईट काही असतं तर तू पळत आली असतीस."

पावसापाण्याविषयी बोलावे तशी ती बोलली होती. त्यात टोमणा असता तर ठमीला भांडता आले असते. तिने फाटकाची कडी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"मला कळलं गं," मावशी म्हणाली, "पण त्या आयांना काय सांगू? माझ्या भाचीचा चेहरा पडलाय, म्हणजे माती चांगली आहे? हसतील मला. काही जणी तेवढ्या माझ्या भरवशावर राहिल्या. शिंपीणबाई आज मुलाची पिशवी न्यायला येणार आहे. कायमची."

ती आलीच. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शिलाईवर बसणारी, अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच. मूल कडेवर होते. चांगले मोठे, पाय गुडघ्यांपर्यंत लोंबणारे, पण तिने त्याला खाली ठेवले नव्हते. फाटकातून आत येतानाही ती पावले जपून टाकत होती. मावशीने खुंटीवरची छोटी पिशवी आणून तिच्या हातात दिली. शिंपीणबाईने ती घेतली, वळली, आणि तिची नजर ठमीवर थांबली.

"तुम्हीच ना माती नेणाऱ्या? काय निघालं?"

"काही नाही निघालं," ठमी म्हणाली. "माती चांगली आहे. दोनदा तपासली. भिंतीजवळचीसुद्धा."

शिंपीणबाईने डोळे मिटले. मुलाला वर सरकवून घट्ट धरले. मग डोळे उघडून विचारले, "कधी कळलं?"

"अगं, आत्ताच—" मावशी घाईने म्हणाली.

"नाही," ठमी म्हणाली. "पहिल्यांदा कळलं त्याला आठवडा होऊन गेला."

झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. मावशीने पायरीवरचा पडलेला रुमाल उचलला आणि त्याची घडी घालत बसली.

"आठवडाभर मी याला मशीनखाली बसवत होते," शिंपीणबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कमरेला कापडाची पट्टी बांधून, टेबलाच्या पायाला. मोटार तापते ना, सारखा हात घालायचा."

ठमीला माफी मागायची होती. शब्द तयारही होते. पण ते म्हटले असते तर त्या बाईला 'असू दे' म्हणावे लागले असते, आणि तेवढेही तिच्याकडून घ्यायला नको, असे ठमीला वाटले. ती फक्त उभी राहिली.

शिंपीणबाईने मुलाला खाली ठेवले. तो थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत राहिला, मग एकदम चिखलाच्या दिशेने सुटला. ती त्याच्याकडे पाहत होती, ठमीकडे नाही.

"उद्यापासून सोडते," ती मावशीला म्हणाली आणि हातातली पिशवी पुढे केली. मावशी पायरीवरून उठेपर्यंत ठमीने ती घेतली.

आत, दाराजवळच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र चिकटवलेले. मासा, पतंग, छत्री, घड्याळ. बऱ्याच खुंट्या रिकाम्या होत्या. पिशवी हातात धरून ठमी त्यांच्यासमोर थांबली. मग पुन्हा दाराशी आली.

"याची खुंटी कुठली?" तिने विचारले.

चिखलाने माखलेल्या मुलाचा हात धरून शिंपीणबाई फाटकापर्यंत पोचली होती. तिने मागे वळून पाहिले.

"छत्रीची," ती म्हणाली.