मुडद्या आणि जावईबापू

मित्रांनो, मी म्हातारा झालो, पण माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा सात नंबरचा संगणक. सध्या माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या बाकाखाली आहे. दारावरून कोणाची पावलं वाजली, तरी माझ्या मनात येतं, हा नेमका कशासाठी आला असेल?

जन्मतः मी असा नव्हतो. एकोणीसशे नव्याण्णव साली एका दुकानाच्या पोटमाळ्यावर मला जोडण्यात आलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, कळफलक तिसऱ्याच घरचा. पहिली काही वर्षं मुलं माझ्यावर टंकलेखन शिकली आणि सरांची पाठ वळली की पत्ते खेळली. फार सुखाचे दिवस होते ते. मग कॉलेजने सगळ्या संगणकांना जोडून एक संदेशफलक सुरू केला. मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत आणि हवं ते टोपणनाव घेत. नाव झाकलं की माणसाची जीभ सैल सुटते. थोड्याच दिवसांत फलकावर नको नको ते दिसू लागलं.

दोन हजार चार साली श्रुती माझ्यासमोर येऊन बसली. ती एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. असल्याच मजकुरापायी तिच्या एका मैत्रिणीने प्रयोगशाळेत येणं सोडलं होतं. म्हणून श्रुतीने संशोधनाचा विषयच तो घेतला: माणसाने वाचण्याआधी संगणकाने शिवीगाळ ओळखायची. त्यासाठी मला दोन हजार संदेश शिकवायचे होते. प्रत्येकावर ‘बरा’ किंवा ‘वाईट’ अशी खूण करायची आणि त्यावरून मी शहाणं व्हायचं. निम्म्या खुणा श्रुतीने केल्या. उरलेल्या खुणा प्रयोगशाळेचे सहायक हंबीरराव यांनी आपण होऊन अंगावर घेतल्या.

"पोरांची भाषा मला पाठ हाय की," ते म्हणाले. "तुम्ही निवांत ऱ्हावा."

तेव्हापासून मी सगळ्यांकडे संशयाने पाहू लागलो. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं माझं झालं. ‘नाद खुळा’ हे कोल्हापुरात कौतुक असतं, हे मला कळायलाच दोन महिने लागले. तोवर त्या ‘खुळा’पायी मी निम्मं कॉलेज आरोपी केलं होतं. श्रुती हसायची, चुका दुरुस्त करायची. मी मात्र मनातून खूश होतो. माझ्या नजरेतून कोणी सुटत नाही, असं मला वाटत होतं.

त्याच सुमारास गडहिंग्लजहून आलेला धम्मपाल नावाचा हुशार मुलगा अचानक वर्गात दिसेनासा झाला. फलकावर कोणीतरी त्याच्या मागे लागलंय, एवढंच सगळ्यांना समजलं. प्राचार्यांनी श्रुतीला बोलावून विचारलं, "तुझं यंत्र काय म्हणतं?"

मी क्षणाचाही विलंब लावला नाही. धम्मपालला उद्देशून एक्केचाळीस वाईट संदेश, सगळे एकाच मुलाचे, तेही खऱ्या नावाने. गुंडू, राहणार शिवाजी पेठ, कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक. ‘मुडद्या, सरावाला ये, न्हाय तर तंगडं मोडीन.’ ‘मुडद्या, तुझं नाव संघात घातलंय.’ यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला? गुंडूचं नाव कॉलेजातून काढायचं ठरलं. फक्त सही व्हायची होती.

गुंडू धावतच प्रयोगशाळेत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"श्रुतीताई, त्यो माझा जिगरी हाय! मुडद्या न्हाय म्हणू तर काय म्हणू त्याला? श्रीयुत?"

"मग तो यायचा का थांबला?" श्रुतीने विचारलं.

"बोलतच न्हाय की माझ्याशी. त्याच्या गावाला गेलतो, तर दार उघडलं न्हाय."

श्रुतीने माझ्या पडद्याकडे पाहिलं. मी एक्केचाळीसचा आकडा छातीठोकपणे दाखवत होतो. तिने त्याच्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. ते आठवलं की आजही माझा पंखा अडखळतो.

दुसऱ्या दिवशी धम्मपालची आई, आक्काताई, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला परत न्यायला कॉलेजात आल्या. श्रुतीने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, "मावशी, त्रास देणारा सापडलाय. बघा, हे त्याने लिहिलेलं." तिने काही ओळी वाचून दाखवल्या.

आक्काताई चकित झाल्या. "ह्यो गुंडू? अवो, माझ्या हातची भाकरी खाऊन गेलाय त्यो. मीबी माझ्या पोराला मुडद्याच म्हनती. आनखी काय लिवलंय माझ्या पोराबद्दल? सगळं वाचा."

मग श्रुतीने मी ‘बरा’ ठरवलेले संदेशही उघडले. ‘हितचिंतक’ या नावाने एकोणीस होते, सगळे शुद्ध आणि गोड. ‘जावईबापूंना नमस्कार.’ ‘जावईबापू, सासरची शिष्यवृत्ती पोचली का?’ ‘जावईबापूंना अभ्यासाची काय गरज?’

आक्काताईंनी श्रुतीला मध्येच थांबवलं.

"हितं हाय की तुमची शिवी," त्या म्हणाल्या. "सरकारचं जावई म्हनत्यात आमच्या पोरास्नी. ह्येच्या बापालाबी कचेरीत तसंच म्हनायचे. ह्यो जावईबापू म्हननारा कोन, त्ये सांगा."

जावई म्हणजे मानाचं नातं, असंच मला शिकवलं होतं. कोणी शिकवलं? श्रुतीने खुणांची यादी काढली. ‘जावई’ असलेल्या प्रत्येक ओळीवर हंबीररावांनी ‘बरा’ लिहिलं होतं. मग तिने ते एकोणीस संदेश कुठल्या संगणकावरून आले ते पाहिलं. सात नंबर. दुपारी दीड ते दोन, जेव्हा प्रयोगशाळा बंद असते आणि किल्ली एकट्या हंबीररावांकडे असते.

मित्रांनो, सात नंबर म्हणजे मीच! साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या मला माझ्याच कळफलकावर पडणाऱ्या बोटांचा संशय आला नाही. कुंपणच शेत खात होतं आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

श्रुतीने जाब विचारला, तेव्हा हंबीरराव हसले. "गंमत केली जरा. शिवी कुठं दिली? जावई तर मानाचा असतोय."

"मानाचा हाय, तर तुमच्या पोराला म्हना की," आक्काताई म्हणाल्या.

हंबीररावांची नोकरी गेली. गुंडूचं नाव राहिलं. श्रुतीने त्याची माफी मागितली आणि नव्या खुणा करायला निरनिराळ्या घरांतली माणसं बसवली. आक्काताईही दोनदा आल्या. पुढे नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी इथे झाली.

धम्मपाल महिन्याने परतला. गुंडूने हात पुढे केला, तेव्हा त्याने तो लगेच घेतला नाही. ‘हितचिंतक’ कोणीही असू शकतो, अगदी हासुद्धा, असं त्याला महिनाभर वाटत होतं. जिगरी दोस्ताचा संशय. तो रोग माझ्याच कळफलकावरून पसरला होता.

भंगारवाला येईल तेव्हा येवो. त्याआधी एकच विनंती आहे. माझ्यासारखी यंत्रं तुम्हीही बनवाल, जरूर बनवा. पण त्यांना कोण शिकवतंय, यावर नजर ठेवा. आणि तुमच्यातला एखादा अचानक गप्प झाला, तर आकडे मागत बसू नका, आधी त्याच्या घरी जा. जे लिहिलं जातं तेवढंच मला मोजता येतं. धम्मपाल महिनाभर गप्प होता आणि माझ्याकडे त्याची कुठेच नोंद नाही.